जामीनदाराचा पगार आणि हुकलेले दोन महिने

पगारपत्रकात एक नवी ओळ दिसते. 'पतसंस्था वसुली' असे काहीतरी लिहिलेले असते आणि पुढे दहा-बारा हजारांचा आकडा. कर्ज दुसऱ्याचे असते. चार-पाच वर्षांपूर्वी सहकाऱ्याच्या अर्जावर जामीनदार म्हणून केलेली सही एव्हाना विसरायला झालेली असते. लेखा शाखेत चौकशी केली तर 'वरून पत्र आलंय' एवढेच ऐकायला मिळते. मग पतसंस्थेत फेऱ्या, कर्जदाराला फोन, त्याचे 'पुढच्या महिन्यात नक्की भरतो'. या धावपळीत चार-पाच पगार जातात आणि मग कोणीतरी जाणकार सांगतो की आव्हान द्यायची मुदत दोनच महिन्यांची होती, ती केव्हाच संपली.

सहकार खात्याच्या कचेऱ्यांत अशा फायली घेऊन उभे राहिल्यावर जे कळले, त्यातले सगळ्यांत मोलाचे आधी सांगतो. इथे भांडणे दोन आहेत. ही रक्कम तुमच्याकडून येणे आहे का, हे एक. ती येणे असलीच, तर दर महिन्याला पगारातून किती कापता येते, हे दुसरे. दोन महिन्यांची मुदत पहिल्या भांडणाला आहे. दुसऱ्याला ती लागू नाही. मुदत हुकलेला माणूस बहुतेक वेळा दोन्ही सोडून देतो, आणि त्यात दरमहा हजारो रुपये बेकायदा जात राहतात.

पण त्याआधी कपात कोणत्या कागदावर चालू आहे ते हातात आले पाहिजे. पगारपत्रकातली ओळ सारखीच दिसते, मागचे कागद मात्र वेगवेगळे असतात.

पहिला कागद म्हणजे संमतीचे करारपत्र. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० च्या कलम ४९ नुसार सभासद संस्थेला लिहून देऊ शकतो की माझ्या पगारातून कापून घ्या. पगारदारांच्या पतसंस्थांत कर्जाच्या फॉर्मबरोबरच हे सहीला येते, आणि कर्जदार व जामीनदार दोघेही न वाचता सही करतात. संस्थेने लेखी मागणी केली की कपात करणे मालकावर बंधनकारक होते. कपात केली नाही तर त्याच्यावरच जबाबदारी येते, म्हणून लेखा शाखा तोंडी विनंतीवर कपात थांबवत नाही. त्यात त्या कारकुनाचा दोष नाही. या प्रकारात करारपत्राची प्रत मागून तीन गोष्टी तपासायच्या: त्यावर सही तुमचीच आहे का, त्यात लिहिलेली एकूण रक्कम किती, आणि मागणीपत्रातली रक्कम तिच्याहून जास्त आहे का. तंटा उरला तर तो कलम ९१ खाली सहकार न्यायालयात जातो.

दुसरा कागद सर्वांत जास्त वेळा आढळतो: कलम १०१ चा वसुली दाखला. पतसंस्था किंवा नागरी सहकारी बँक सहकार खात्याच्या निबंधकाकडे अर्ज करते, सहायक निबंधक किंवा उपनिबंधक चौकशी करून दाखला देतो, आणि तो दाखला येणे रकमेचा निर्णायक पुरावा मानला जातो. त्यानंतर कलम १५६ चे अधिकार मिळालेला वसुली अधिकारी सहकारी संस्था नियम, १९६१ च्या नियम १०७ खाली तुमच्या कार्यालयाला पगार जप्तीचा आदेश पाठवतो. पुढचे बरेचसे लिखाण याच प्रकाराबद्दल आहे.

तिसरा म्हणजे दिवाणी न्यायालयाचा हुकूमनामा (दाव्याच्या निकालाचा आदेश) आणि दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश २१ नियम ४८ किंवा ४८-क खालची पगार जप्ती. हुकूमनामा एकतर्फी झाला असेल तर तो रद्द करून घ्यायचा अर्ज आदेश ९ नियम १३ खाली, तीस दिवसांत. समन्स रीतसर बजावलेच नसेल तर हे तीस दिवस हुकूमनाम्याची माहिती झाल्या दिवसापासून मोजतात. पगारपत्रकातली पहिली कपात ही 'माहिती झाली' याचा पुरावा म्हणून विरोधी वकील हमखास पुढे करतो, म्हणून पहिली कपात दिसताच हालचाल हवी.

चौथा प्रकार म्हणजे मालक स्वतःचीच उसनवारी, आगाऊ रक्कम किंवा नुकसानभरपाई कापतो. तिथे वेतनाचा कायदा लागतो. जुन्या वेतन प्रदान अधिनियम, १९३६ मध्ये अर्जाची मुदत बारा महिने होती. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या वेतन संहितेत ती तीन वर्षे आहे, आणि एकूण कपात वेतनाच्या निम्म्याहून जास्त होता कामा नये असे बंधन आहे. कपात त्या तारखेच्या आधीची असेल तर तीन वर्षांच्या भरवशावर बसू नये, बारा महिन्यांच्या आत अर्ज टाकून मोकळे व्हावे.

आता दाखल्याकडे. लेखा शाखेला लेखी अर्ज द्यायचा: 'माझ्या वेतनातून अमुक महिन्यापासून होत असलेल्या कपातीच्या आदेशाची प्रत मिळावी.' आपल्या प्रतीवर आवक शिक्का घ्यायचा. सरकारी कार्यालय असेल तर अर्ज आहरण व संवितरण अधिकाऱ्याच्या, म्हणजे पगारबिलावर सही करणाऱ्या अधिकाऱ्याच्या नावे करायचा. प्रत मिळाली नाही तर दहा रुपयांच्या कोर्ट फी स्टॅम्पवर माहितीचा अधिकार वापरता येतो, उत्तराला तीस दिवस असतात. पतसंस्थेलाच माहितीचा अर्ज करून बरेच जण वेळ घालवतात. सहकारी संस्था सर्वसाधारणपणे त्या कायद्याच्या कक्षेत येत नाहीत, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्येच ठरवले आहे. निबंधकाचे कार्यालय मात्र येते, आणि दाखल्याची मूळ फाईल तिथेच असते.

आदेशावर दाखल्याचा क्रमांक आणि तारीख असते. ती घेऊन दाखला देणाऱ्या निबंधकाच्या कार्यालयात प्रमाणित नकलेचा अर्ज करायचा. नुसता दाखला मागू नका, पूर्ण फाईल मागा: संस्थेचा अर्ज, खातेउतारा, तुम्हाला पाठवलेल्या नोटिसा, त्यांच्या पोचपावत्या किंवा परत आलेली पाकिटे, आणि रोजनामा, म्हणजे प्रकरणाची तारीखवार नोंद. मुदतीच्या लढाईत दाखल्यापेक्षा ती परत आलेली पाकिटे जास्त कामाला येतात. जामीनदाराचा पत्ता कर्जाच्या फॉर्मवरचा असतो. मध्यंतरी बदली झालेली असते, भाड्याचे घर सुटलेले असते. पाकिटावर पोस्टमनचा शेरा असतो: 'पत्ता सोडून गेले', 'दार बंद', 'घेण्यास नकार'. पहिल्या दोन शेऱ्यांवर तुमची बाजू उभी राहते. 'घेण्यास नकार' असेल तर बजावणी झाली असे धरले जाते, आणि मग त्या तारखेला तुम्ही दुसऱ्या गावी नोकरीवर होता हे हजेरीपत्रकाने किंवा बदली आदेशाने दाखवावे लागते. पोचपावतीवर सही दुसऱ्याचीच असते, असेही वारंवार दिसते. ती कोणाची, तुमच्याशी त्याचे नाते काय, हे प्रतिज्ञापत्रात स्पष्ट लिहायचे.

दाखल्याविरुद्ध अपील नाही, कलम १५४ खाली पुनरीक्षण अर्ज, म्हणजे वरच्या अधिकाऱ्याकडून निर्णय तपासून घ्यायचा अर्ज आहे. दाखला उपनिबंधक किंवा सहायक निबंधकाचा असेल तर तो विभागीय सहनिबंधकांकडे जातो. मुदत निर्णय कळवल्याच्या तारखेपासून दोन महिने. इथे 'कळवल्याच्या' हा शब्द महत्त्वाचा आहे. दाखल्यावरची तारीख आणि तो तुमच्या हातात पडल्याची तारीख यांत सहा-सहा महिन्यांचे अंतर पडलेले असू शकते. संस्था पहिल्या तारखेपासून मोजते, तुम्ही दुसरीपासून मोजायचे. आणि अधिकारी अनेकदा मधला रस्ता काढून पहिल्या कपातीचा पगार जमा झाल्या दिवसापासून मोजतो. म्हणून अर्जात या तिन्ही तारखा मांडून प्रत्येक हिशोबाने किती दिवस विलंब होतो ते स्वतःच लिहावे. आपण लिहिले नाही तर समोरचा लिहितो, आणि त्याच्या सोयीने लिहितो.

दोन महिने म्हणजे साठ दिवस नव्हेत, पंचांगाचे दोन महिने. दाखला १० जानेवारीला हातात आला तर मुदत १० मार्चला संपते. अर्ज २४ जूनला दाखल केला तर विलंब १०६ दिवसांचा: मार्चचे २१, एप्रिलचे ३०, मेचे ३१ आणि जूनचे २४. हा आकडा अर्जात, प्रतिज्ञापत्रात आणि मागणीच्या परिच्छेदात एकच असला पाहिजे. एका ठिकाणी १०६ आणि दुसरीकडे 'सुमारे चार महिने' लिहिले की समोरचा वकील तिथूनच सुरुवात करतो.

पुरेसे कारण असेल तर मुदतीनंतरही अर्ज ऐकता येतो, तशी तरतूद कलम १५४ मध्येच आहे. विलंब माफीच्या अर्जाचा जीव कारणांत असतो, आणि कारणांचा जीव कागदांत. टिकतात ती कारणे अशी: दाखलाच मिळाला नव्हता; त्या काळात रुग्णालयात दाखल होतो, हे डिस्चार्ज कार्ड; आधी चुकीच्या सल्ल्याने दुसऱ्याच न्यायालयात गेलो, ही तिथल्या दाव्याची नक्कल; नकलेचा अर्ज केला पण कार्यालयाने दोन महिने लावले, हा नकलेवरचा शिक्का. त्या शिक्क्यावर अर्जाची, नक्कल तयार झाल्याची आणि दिल्याची अशा तिन्ही तारखा असतात, म्हणून पाठीमागची बाजूही झेरॉक्स करावी. टिकत नाहीत ती कारणे: कायदा माहीत नव्हता, घरची अडचण होती, संस्थेचे मॅनेजर 'बघू, मिटवू' म्हणत होते. हे शेवटचे बहुतेक वेळा अगदी खरे असते, पण पुरावा नसतो. म्हणून संस्थेशी तडजोडीचे बोलणे चालू असेल तर त्याच संध्याकाळी एक साधे पत्र लिहून आवक करून घ्यावे: 'आज आपल्याशी चर्चा झाली, त्यानुसार हिशोब मिळेपर्यंत थांबत आहे.' असे एक पत्र हाताशी असले तर चाळीस-पन्नास दिवसांच्या विलंबाला आधार मिळतो.

कारणांत खाडे नकोत. मार्चमध्ये आजारी, जूनमध्ये वकील भेटले, आणि एप्रिल-मेबद्दल काहीच नाही, अशी प्रतिज्ञापत्रे फेटाळली जातात. तारीखवार तक्ता केला की खाडे आपल्यालाच दिसतात. 'प्रत्येक दिवसाच्या विलंबाचे कारण' या तत्त्वाचा अति काटेकोरपणा करू नये, असे सर्वोच्च न्यायालयाने १९८७ मध्ये अनंतनागचा भूसंपादन जिल्हाधिकारी विरुद्ध कातिजी या निकालात म्हटले आहे. त्याचा आधार जरूर घ्यावा, पण तो निकाल मोकळ्या महिन्यांवर पांघरूण घालत नाही.

यापुढची अडचण पैशाची आहे, आणि इथे सर्वांत जास्त लोक थांबतात. कलम १०१ च्या दाखल्याविरुद्धचा पुनरीक्षण अर्ज ऐकून घ्यायचा तर येणे रकमेच्या पन्नास टक्के रक्कम संबंधित संस्थेत भरावी लागते, असे कलम १५४ मधील पोटकलम २-अ सांगते. ३ लाख २० हजारांचे येणे असेल तर १ लाख ६० हजार भरून पावती जोडायची. पगारातून आधीच कापले गेलेले पैसे यात आपोआप धरले जातील असे समजू नये. संस्थेकडून आजअखेरचा खातेउतारा लेखी घ्यावा, कापलेली प्रत्येक रक्कम त्यात जमा दिसते का पाहावे, आणि जमा नसेल तर तो मुद्दा अर्जात वेगळा मांडावा. कार्यालयाने कापले पण संस्थेच्या अनामत खात्यात पडून राहिले, मूळ कर्जखात्यात जमाच झाले नाही आणि व्याज वाढत राहिले, हा दोष उतारा नीट वाचला तरच सापडतो.

दाखल करायचा संच असा: पुनरीक्षण अर्ज, दाखल्याची प्रमाणित नक्कल, विलंब माफीचा अर्ज आणि त्याचे प्रतिज्ञापत्र, स्थगितीचा स्वतंत्र अर्ज, भरणा पावती, कागदांची यादी, वकील असल्यास वकीलपत्र. प्रती एकूण प्रतिवादींइतक्या, शिवाय कार्यालयाची एक आणि आपली एक. प्रतिवादींत संस्था आणि वसुली अधिकाऱ्याबरोबर मूळ कर्जदार आणि बाकीचे जामीनदारही घ्यावेत. कर्जदाराला वगळले तर पुढे 'आवश्यक पक्षकार नाही' म्हणून एक-दोन तारखा फुकट जातात.

क्रमही ध्यानात असू द्या. आधी विलंब माफीवर सुनावणी होते. संस्थेला नोटीस जाते, तिचे म्हणणे येते, मग त्यावर आदेश. विलंब माफ झाला की मगच मूळ अर्ज ऐकला जातो. या सगळ्या काळात कपात चालूच असते. अर्ज दाखल केला म्हणजे कपात थांबली असा समज फार पसरलेला आहे, तो चुकीचा आहे. स्थगितीचा लेखी आदेश हवा, आणि तो पगारबिल तयार होण्याआधी लेखा शाखेत पोचवून आवक करायला हवा. बिल महिन्याच्या मध्याच्या सुमारास हाती घेतले जाते. २५ तारखेला आदेश नेऊन दिला तर तो महिना गेलाच असे समजा. विलंब माफ होण्याआधी पूर्ण स्थगिती मिळणे अवघड असते, म्हणून पर्यायी मागणी लिहून ठेवावी: 'किमान कपात कायद्याच्या मर्यादेत आणावी.' ती नाकारणे अधिकाऱ्याला कठीण जाते.

आणि इथे आपण दुसऱ्या भांडणाकडे येतो.

नियम १०७ मध्येच लिहिले आहे की पगार रोखण्याचा आदेश दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ६० ला अधीन राहून द्यायचा. कलम ६० म्हणते की पगारातले पहिले एक हजार रुपये आणि उरलेल्याचे दोन तृतीयांश यांना हात लावता येत नाही. पोटगीच्या हुकूमनाम्याला नियम वेगळा आहे, पण पतसंस्थेचे कर्ज म्हणजे पोटगी नव्हे. हिशोब करून पाहू. एकूण पगार ४६,००० असेल तर हजार वजा जाऊन ४५,००० उरतात. त्यांचा एक तृतीयांश १५,०००. महिन्याला जास्तीत जास्त एवढेच कापता येतात, ३१,००० सुरक्षित. हिशोब हातात पडणाऱ्या रकमेवर करायचा नाही. सरकारने जप्तीतून वगळलेले भत्ते काढून बाकीचा एकूण पगार धरायचा.

गडबड होते ती अशी. वसुली अधिकाऱ्याच्या पत्रात 'दरमहा रु. २०,००० कपात करावी' असा सरळ आकडा असतो आणि लेखा शाखा तो तसाच टाकते. किंवा दोन संस्थांची दोन पत्रे येतात, प्रत्येकी १२,००० ची, आणि २४,००० कापले जातात. एक तृतीयांशाची मर्यादा पगाराला आहे, दर पत्राला नवी मर्यादा मिळत नाही. न्यायालयाच्या जप्तीबाबत तर आदेश २१ नियम ४८ मध्येच आहे की कापण्याजोगा भाग आधीच्या आदेशापोटी जात असेल तर नंतरचा आदेश तपशिलासह परत पाठवायचा. सहकारी वसुलीच्या दुसऱ्या पत्रालाही हेच उत्तर लेखा शाखेला देता येते, फक्त ते द्यावे हे तिला कोणीतरी लेखी सांगावे लागते.

कलम ६० मध्येच चोवीस महिन्यांचा नियम आहे. एकाच हुकूमनाम्यापोटी पगार एकूण चोवीस महिने जप्तीत राहिला, सलग असो वा तुटक, की त्या हुकूमनाम्यापोटी पुढे तो जप्त करता येत नाही. नियम १०७ कलम ६० ला अधीन असल्यामुळे दाखल्याच्या वसुलीतही हा मुद्दा मांडता येतो, आणि मांडावाच. त्यासाठी चोवीस पगारपत्रके क्रमाने लावलेली असली पाहिजेत. अंगमेहनत करणाऱ्या मजुराची आणि घरकाम करणाऱ्यांची मजुरी तर कलम ६० ने जप्तीतून पूर्णच वगळली आहे, हे साखर कारखाने आणि सूतगिरण्यांतल्या हंगामी मजुरांपर्यंत पोचलेले नाही याचे वाईट वाटते. भविष्यनिर्वाह निधी आणि उपदानालाही (ग्रॅच्युइटी) त्यांच्या स्वतंत्र कायद्यांनी जप्तीपासून संरक्षण दिले आहे. कर्ज घेताना 'कलम ६० चे संरक्षण सोडतो' असे लिहून घेतलेले असेल तर कलम ६० (१-क) नुसार तो करार शून्य आहे.

हा अर्ज साधा, दोन पानी असतो. वसुली अधिकाऱ्याला उद्देशून, प्रत लेखा शाखेला आणि संस्थेला. पहिल्या पानावर तक्ता: महिना, एकूण पगार, कलम ६० नुसार कमाल कपात, प्रत्यक्ष कपात, जादा कपात. दुसऱ्या पानावर मागणी: पुढील महिन्यापासून कपात मर्यादेत आणावी आणि जादा कापलेली रक्कम परत करावी. पंधरा दिवसांत उत्तर आले नाही तर हाच तक्ता विभागीय सहनिबंधकांसमोरच्या अर्जाला जोडायचा. यासाठी पन्नास टक्के भरावे लागत नाहीत, कारण इथे दाखल्याला आव्हान नसते. संमतीच्या कलम ४९ च्या कपातीला मात्र हा मार्ग थेट लागू होत नाही, ती जप्ती नसते. म्हणूनच सुरुवातीला कागद ओळखणे इतके गरजेचे.

विलंब माफी नाकारली गेली तर पुढे उच्च न्यायालयात रिट याचिका. दक्षिण महाराष्ट्रातल्या लोकांना १८ ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापूरचे सर्किट बेंच मिळाल्यामुळे मुंबईची खेप वाचते. तिथेही पहिला प्रश्न तारखांचाच येतो, त्यामुळे सुरुवातीला केलेला तक्ता शेवटपर्यंत जपून ठेवावा.

एक घड्याळ मात्र जामीनदाराच्या बाजूने चालू असते आणि तिकडे क्वचितच कोणी पाहते. जामीनदाराने भरलेले पैसे मूळ कर्जदाराकडून वसूल करण्याचा हक्क त्याला करार कायद्याने दिला आहे. सहजामीनदारांकडूनही, आपल्या वाट्यापेक्षा जास्त भरले असेल तेवढ्यापुरता. कर्जदारावरच्या दाव्याची मुदत जामीनदाराने पैसे भरल्यापासून तीन वर्षे. पगारातून हप्ते जात असतील तर प्रत्येक हप्त्याची तीन वर्षे वेगळी चालतात. एप्रिल २०२४ चा कापलेला हप्ता संस्थेला ज्या दिवशी मिळाला, त्या दिवसापासून तीन वर्षांनी म्हणजे एप्रिल २०२७ च्या सुमारास त्या हप्त्यापुरता दावा बाद होतो, मेचा त्यानंतर महिन्याने. कर्जदाराला रजिस्टर पोचेने मागणीची नोटीस आजच पाठवता येते, आणि दाव्यासाठी लागणारे कागद म्हणजे तीच पगारपत्रके आणि संस्थेचा तोच खातेउतारा.